नानकटाईचा तळ काळा, पोट कच्चं: ओव्हनचा १८० म्हणजे खरा किती?

दोन वर्षांत आमच्या ओव्हनला एकच आजार चार वेळा झाला. नानकटाई वरून छान दिसते, उचलली की तळ करपलेल्या भाकरीसारखा, आणि मोडली की मध्ये ओलसर कच्चं पीठ. केकचं तर विचारूच नका. वीस मिनिटांत मधोमध डोंगर उभा राहतो, वरून तडकतो, आणि सुरी घातली की चिकट पिठानं माखून बाहेर येते. नॉब १८० वर. कृती तीच, तूप तेच, मैदा त्याच दुकानातला. दोन वेळा वायरमनला बोलावलं, दोन्ही वेळा ओव्हन सुधारला, आणि दोन-तीन महिन्यांनी येरे माझ्या मागल्या.

ओव्हन साधाच आहे. ४० लिटरचा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), १६०० वॅटचा, वर दोन आणि खाली दोन रॉड, गोल फिरणारा नॉब आणि त्याभोवती १०० ते २५० असे आकडे. तुमच्याकडे असाच असेल तर पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडेल. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह किंवा डिजिटल ओव्हन असेल तर मोजायची पद्धत हीच, दुरुस्तीची वेगळी.

पहिल्या खेपेला वायरमन म्हणाला, "बाई, खालचा रॉड गेलाय बगा. लई तापायलाय." रॉड बदलला. नानकटाई सुधारली. मला तेव्हा कळायला हवं होतं की रॉड म्हातारा झाला म्हणून जास्त तापत नाही. आतली तार झिजली तर उष्णता कमी होते, आणि तुटली की रॉड बंदच पडतो. दुसऱ्या खेपेला त्यानं थर्मोस्टॅट, म्हणजे ठरल्या तापमानाला रॉड बंद-चालू करणारा भाग, बदलला. पुन्हा सुधारणा, पुन्हा दोन महिन्यांनी काळा तळ. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्यानं खरंच मनापासून काम केलं. ओव्हन दोन्ही वेळा का सुधारला हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

सासूबाईंचं मत पहिल्यापासून ठाम होतं. "त्यापेक्षा डबे घेऊन भट्टीवर जा की." बेळगावच्या शहापुरात दिवाळीच्या आधी घराघरातून नानकटाईचे पत्रे बेकरीत जायचे, ते दिवस त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. भट्टीवाल्या मामांकडे कसला आकडा नव्हता. ते चिमूटभर मैदा भट्टीच्या फरशीवर टाकायचे आणि तो किती वेळात रंगतो ते बघायचे. पाव आधी भाजून व्हायचा, भट्टी जराशी उतरली की बिस्किटं, आणि आपली नानकटाई सगळ्यांत शेवटी. म्हणजे त्यांना तापमान माहीत होतं, फक्त ते अंशांत सांगता येत नव्हतं. आपल्याकडे उलटं आहे: आकडा समोर छापलेला आहे आणि तापमान माहीत नाही.

आधी संशयित बाजूला काढा

व्होल्टेज. आमच्या गल्लीत संध्याकाळी सात ते नऊ दिवे पिवळे पडतात, आणि ओव्हनचं काहीही बिघडलं की शेजारणी म्हणतात, "करंट डीम असेल गे." हिशेब करून बघा. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे १९० झाले की १६०० वॅटचा ओव्हन जेमतेम ११०० वॅटचं काम करतो. म्हणून तापायला वेळ लागेल, मोठा पत्रा आत ठेवला की उष्णता लवकर भरून येणार नाही, नानकटाई पांढरी राहील. पण थर्मोस्टॅट जिथं तोडायचा तिथंच तोडतो. व्होल्टेज कमी असल्यानं पदार्थ करपत नाही. तुमची तक्रार कच्चं राहण्याची असेल तर आधी व्होल्टेज बघा आणि ओव्हन १६ अँपिअरच्या सॉकेटला आहे का तेही बघा. एवढा ओव्हन ७ अँपिअर ओढतो, सहाच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला तर बोर्डच गरम होतो. करपण्याची तक्रार असेल तर व्होल्टेजचा विषय सोडा.

पत्रा. काळा नॉनस्टिक पत्रा रॉडची उष्णता शोषून घेतो, चकचकीत ॲल्युमिनियमचा परतवतो. एकाच पिठाची नानकटाई दोन पत्र्यांवर ठेवून मी हे तपासलं; काळ्यावरचा तळ नक्कीच जास्त रंगला, पण पोट दोन्हीकडे सारखंच कच्चं. म्हणजे पत्रा साथीदार होता, मुख्य गुन्हेगार नव्हता.

कृती. माझी चुलत नणंद अमेरिकेत असते, तिच्या कृतीत ३५० लिहिलेलं असतं. ते फॅरनहाइट. आपले १७७. ही चूक इथं लिहिण्याइतकी हास्यास्पद आहे, पण माझ्या ओळखीच्या एकीनं नॉब शेवटपर्यंत फिरवून केक केलेला मी पाहिलाय.

साखर सांगते ते ऐका

थर्मामीटर हाताशी नसेल तर आधी हे करा. शुद्ध साखर साधारण १८६ अंशांना वितळते. ॲल्युमिनियम फॉइलच्या दोन वाट्या करा, प्रत्येकीत एक चमचा कोरडी साखर. आपल्या जिल्ह्यात इतके साखर कारखाने आहेत की दोन चमचे वाया गेल्याचं दुःख नको. नॉब १७५ वर ठेवून ओव्हन अर्धा तास तापू द्या, मग पहिली वाटी मधल्या जाळीवर ठेवून बरोबर पंधरा मिनिटं. साखर दाण्यांचीच राहायला हवी. मग नॉब १९० वर, पुन्हा वीस मिनिटं थांबा, दुसरी वाटी पंधरा मिनिटं. ती वितळायला हवी.

१७५ वरच वितळली तर ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतो. १९० वरही दाणे तसेच राहिले तर कमी तापतो. वेळ मात्र पाळा. तासभर ठेवली तर कमी तापमानालाही साखर हळूहळू पिवळी पडते आणि तुम्ही उगाच ओव्हनला नावं ठेवाल. पावसाळ्यात उघड्या डब्यातली साखर ओलसर असते, ती घेऊ नका.

माझी साखर १७५ वर नवव्या मिनिटाला पाणी झाली. बाराव्याला तिचा रंग चहासारखा.

यातून ओव्हन खोटा आहे एवढं कळलं. कितीनं खोटा, ते कळायला थर्मामीटर लागतो.

थर्मामीटर, आणि त्याचीही परीक्षा

ओव्हनमध्ये ठेवायचा गोल तबकडीचा थर्मामीटर साडेतीनशे रुपयांत आला. खडेबाजारात दोन दुकानांत विचारलं, दोघांनीही तापाचा काढून दाखवला. तापाचा किंवा पाऱ्याचा कुठलाही थर्मामीटर ओव्हनमध्ये घालू नका. तापाचा ४२ अंशांपर्यंतच मोजतो, त्यापुढे फुटतो, आणि पारा स्वयंपाकघरात सांडला तर नानकटाईपेक्षा मोठा प्रश्न उभा राहील. लेझरची बंदूकही इथं कामाची नाही. ती पृष्ठभाग मोजते, हवा नाही, आणि चकचकीत पत्र्यावर तर साफ चुकीचं दाखवते.

तबकडीचा थर्मामीटर पाण्यात बुडवता येत नाही, म्हणून त्याची परीक्षा आडमार्गानं घेतली. भाच्याकडे मल्टीमीटर आहे, त्याला तापमान मोजायची काचतंतूच्या वेष्टणाची वायर लागते. ती आधी उकळत्या पाण्यात धरली. मीटरनं ९७ दाखवलं आणि भाचा लगेच म्हणाला, "मामी, मीटर खराब आहे, १०० यायला पाहिजे." मीटर बरोबर होता. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचावर आहे, आणि दर तीनशे मीटरला पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं. आपल्याकडे साडेसत्त्याण्णवच्या आसपास यायला हवं. तुम्ही १०० धरून मीटर जुळवलात तर अडीच अंशांची चूक तिथंच घरात घेतली. मग वायर आणि तबकडी शेजारी-शेजारी ओव्हनमध्ये ठेवली. दोघांत चार-पाच अंशांचा फरक. घरगुती कामाला एवढा चालतो. साध्या प्लास्टिकच्या वेष्टणाची वायर मात्र वापरू नका, वितळते.

आता खरं मोजणं. थर्मामीटर मधल्या जाळीच्या मधोमध, जिथं केकचा डबा ठेवता तिथंच. भिंतीला टेकायला नको, रॉडच्या अगदी समोर नको. नॉब १८०, वरचे-खालचे दोन्ही रॉड चालू. दिवा पहिल्यांदा विझला म्हणजे ओव्हन तापला असं आपण समजतो. त्या वेळी फक्त हवा तापलेली असते, भिंती अजून गार असतात. निदान २५ मिनिटं जाऊ द्या. त्यानंतर दार न उघडता, काचेतून, दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. दार उघडलंत की गरम हवा भसकन बाहेर, आणि तुम्ही स्वयंपाकघराचं तापमान मोजत बसाल.

माझे सहा आकडे: १९६, २१४, २०३, १८९, २१२, १९८. ओव्हन एका आकड्यावर कधीच स्थिर राहत नाही. थर्मोस्टॅट रॉड बंद करतो तेव्हा लाल रॉड अजून उष्णता देतच असतो, म्हणून तापमान वर जातं. मग घसरतं, ठरावीक खाली आलं की पुन्हा रॉड पेटतो. हे पंचवीस अंशांचं झोके घेणं हा बिघाड नाही. म्हणूनच एकदाच बघून निकाल द्यायचा नाही. सहांची बेरीज १२१२, सरासरी २०२. म्हणजे १८० म्हटल्यावर माझा ओव्हन २०२ देत होता. काळ्या तळाचं कोडं सुटलं असं मला वाटलं.

मग बहुतेक जणी करतात तेच मीही केलं: नॉब वीसनं मागे ठेवायचा, १८० हवं तर १६०. आठवडाभर सगळं झकास. केक सपाट, नानकटाई एकसारखी. मी सगळीकडे सांगत सुटले.

आणि मग ओव्हन पुसला

गणपतीच्या आधी स्वयंपाकघराची झाडलोट होते, त्यात ओव्हन आतून सोडा लावून घासला. दुसऱ्या दिवशी १६० वर ठेवलेली नानकटाई पुन्हा काळी. थर्मामीटर ठेवला तर १६० ला सरासरी १९५. आठवड्यापूर्वी वीसची चूक, आता पस्तीसची. थर्मोस्टॅट एका रात्रीत एवढा बिघडत नाही. बदललं होतं ते एकच: मी तो घासला होता.

डायरी काढली. मी बायका लिहितात तसा हिशेब लिहिते, वायरमनचे पैसे कधी दिले ते त्यात होतं. दोन्ही दुरुस्त्या सणाच्या तोंडावर. एक दिवाळीआधी, एक नाताळआधी, कारण कॅम्पमधल्या मैत्रिणींना केक द्यायचा असतो. आणि सणाआधी मी काय करते? ओव्हन घासते.

बॅटरी घेऊन आत डोकं घातलं. उजव्या भिंतीवर, मागच्या बाजूला, पेन्सिलीएवढी जाड आणि बोटभर लांब एक धातूची कांडी असते, तिला बारीक नळी जोडलेली असते. ती थर्मोस्टॅटचं नाक. आत द्रव असतो, तापला की फुगतो, नळीतून थर्मोस्टॅटमधली पापुद्र्यासारखी चकती ढकलतो, आणि रॉडचा करंट तुटतो. ती कांडी दोन क्लिपांत बसलेली असायला हवी. माझी एका क्लिपमधून निसटली होती आणि दुसऱ्या टोकानं पुढं, दाराच्या बाजूला सरकली होती. दाराजवळ ओव्हन सगळ्यांत गार असतो. कांडीला वाटायचं अजून तापलं नाही, ती रॉड चालूच ठेवायची, आणि मधोमध बसलेली नानकटाई भाजून निघायची. दरवेळी घासताना फडक्यानं ती थोडी अजून सरकत होती. वायरमननं रॉड बदलताना आणि थर्मोस्टॅट बदलताना कांडी नीट बसवली असणार, म्हणून दोन्ही वेळा ओव्हन सुधारला, आणि श्रेय नव्या सामानाला गेलं.

उलटंही होतं. कांडी रॉडच्या जवळ सरकली तर तिला लवकर चटका बसतो, करंट आधीच तुटतो आणि तुमचा पदार्थ कच्चा. काही लहान ओटीजीत कांडी नसतेच. नॉबच्या मागे दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते आणि संपर्क तोडते. तिथं हा दोष येणार नाही, पण ती भिंतीतून झिरपणारी उष्णता मोजते, त्यामुळे झोके मोठे असतात.

दुरुस्ती अशी: प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ओव्हन पूर्ण गार झाल्यावर कांडी हातानं हळूच क्लिपांत सरकवा. नळीला घडी पडू देऊ नका. घडी पडून ती चिरली तर द्रव गेला आणि थर्मोस्टॅट खरंच बदलावा लागेल. क्लिप ढिली झाली असेल तर पक्कडीनं किंचित आवळा. कांडीला चिकटलेलं तूप, साखर ओल्या फडक्यानं पुसा, तारेच्या घासणीनं नको.

पुन्हा मोजलं. १५० ला १५४, १८० ला १८७, २०० ला २०९. उरलेली चूक खऱ्या अर्थानं थर्मोस्टॅटची आणि नॉबची. चूक सगळीकडे सारखी नसते, वरच्या आकड्यांना वाढत जाते, म्हणून एकच आकडा वजा करून चालत नाही. किमान तीन ठिकाणी मोजा. माझ्या कपाटाच्या दारावर आता एक चिठ्ठी आहे: १६० हवं तर १५५, १८० हवं तर १७४, २०० हवं तर १९२. नॉबवर असे बारीक आकडे नसतात, म्हणून त्या तीन जागी पॅनेलवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. टिकतात, घासताना जात नाहीत.

नॉब मात्र आधी हलवून बघा. दांडा डी आकाराचा असतो आणि नॉबचं प्लास्टिक झिजलं की तो दांड्यावर दोन्ही बाजूंना थोडा फिरतो. असा नॉब असेल तर ठिपक्यांना काही अर्थ नाही, आधी नॉब बदला. काही थर्मोस्टॅटच्या दांड्याच्या पोकळीत जुळवणीचा बारीक स्क्रू असतो. पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नये, फिरवल्यावर पुन्हा सहा आकडे घ्यावेत, आणि गॅरंटी चालू असेल तर हातच लावू नये. डिजिटल ओव्हनच्या काही मॉडेलांत मेनूमध्येच दहा-पंधरा अंश पुढं-मागं करायची सोय असते, पुस्तिकेत बघा. पंखा चालू करून भाजत असाल तर कृतीतल्या आकड्यापेक्षा २० कमी ठेवायचे, ते वेगळं. ते चुकीत धरू नका.

तापमान जुळूनही पत्र्याच्या एकाच कोपऱ्यातली नानकटाई जास्त रंगत असेल तर जाळीवर ब्रेडच्या स्लाइस पसरून १८० वर दहा मिनिटं ठेवा. कुठली स्लाइस आधी तांबूस होते ते दिसतं. माझ्याकडे मागचा डावा कोपरा. अर्ध्या वेळेला पत्रा फिरवते. खानापूरच्या लाल मातीची साधी, झिलई नसलेली फरशी खालच्या जाळीवर ठेवली तर झोकेही कमी होतात, पण ती तापायला पंधरा मिनिटं जास्त लागतात, आणि ती पूर्ण कोरडी हवी. पत्रा भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचत असेल तर मात्र फरशी, थर्मामीटर, ठिपके सगळं फुकट. हवा वर जाणारच नाही. चारी बाजूंनी दोन बोटं जागा सोडा.

एक खूण दिसली तर यातलं काहीही करू नका. दिवा विझतच नाही, रॉड सतत लाल, आणि तापमान नॉबवरच्या आकड्याला न जुमानता चढत राहतं, तर थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेत. भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा, दार उघडू नका, गार होऊ द्या आणि वायरमनला बोलवा. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर कांडी दोन्ही क्लिपांत आहे का ते स्वतः बॅटरीनं बघा. मग त्याला चहा द्या, अर्धा तास बसवून ठेवा, त्याच्यासमोर पाच-सहा आकडे घ्या, आणि त्यानंतर पैसे.